प्रार्थना, ख्रिस्ती (शास्त्रवचनाधारित) : सोलापूर व मराठी परंपरा

ख्रिस्ती धर्माच्या पवित्र शास्त्रातील स्तोत्रे, वचने व प्रसंग यांचा आधार घेऊन नित्याच्या जीवनातील विश्वास, कृतज्ञता आणि आराधना हे भाव परमेश्वरासमोर मांडणाऱ्या प्रार्थना. मंडळीच्या सामुदायिक उपासनेत, कुटुंबाच्या सायंप्रार्थनेत आणि व्यक्तीच्या एकांतात अशा तिन्ही ठिकाणी त्या म्हटल्या जातात. महाराष्ट्रात या प्रार्थनांचा आशय शास्त्रातून आला, तरी त्यांची चाल, संबोधन आणि गायनपद्धती यांवर वारकरी भक्तिपरंपरेची गाढ छाया आहे. आणि ज्या जिल्ह्यात पंढरपूर व संत चोखोबांचे मंगळवेढे ही दोन्ही क्षेत्रे येतात, त्या सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात हा संयोग विशेष लक्षणीय ठरतो.

शास्त्राधार : या प्रार्थनांचा मूळ आदर्श म्हणजे येशूने शिष्यांना शिकविलेली ‘प्रभूची प्रार्थना’. ती मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या आणि लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आली असून लूकमधील पाठ संक्षिप्त आहे. ईश्वराच्या नामाचे व राज्याचे चिंतन आधी, आणि भाकर, क्षमा व परीक्षेपासून रक्षण यांची याचना नंतर, हा तिचा अनुक्रम पुढील बहुतेक ख्रिस्ती प्रार्थनांनी स्वीकारला. दुसरा आणि शब्दसंपत्तीच्या दृष्टीने अधिक विपुल असा आधार म्हणजे जुन्या करारातील स्तोत्रसंहितेची १५० स्तोत्रे होत. यहुदी उपासनेतून ही स्तोत्रे ख्रिस्ती मंडळीकडे वारशाने आली, आणि येशूने वधस्तंभावर उच्चारलेल्या वाक्यांपैकी काही त्यांतीलच असल्याने त्यांना ख्रिस्ती जीवनात वेगळेच प्रामाण्य प्राप्त झाले.

विश्वास : परमेश्वराला मेंढपाळ मानणारे तेविसावे स्तोत्र अवघ्या सहा श्लोकांचे आहे, आजाऱ्याच्या उशाशी आणि अंत्यविधीच्या वेळी तेच प्रायः निवडले जाते. प्रवासाला निघणाऱ्यासाठी एकशे एकविसावे स्तोत्र वाचण्याची वहिवाट आहे. पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात चिंतेच्या जागी प्रार्थना आणि उपकारस्तुती ठेवण्याचा बोध आहे, आणि तो बंदिशाळेतून आलेला असल्यामुळेच त्यास पोकळ उपदेशाचे रूप येत नाही. श्रमाच्या संदर्भात मोशेच्या नावे असलेल्या नव्वदाव्या स्तोत्राचा शेवट महत्त्वाचा आहे : मानवी आयुष्याच्या क्षणभंगुरतेचे दीर्घ वर्णन करून झाल्यावर स्तोत्रकार अखेरीस आपल्या हातचे काम देवाने स्थिर करावे असे मागतो. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाल्यापासून ज्या शहराची दिनचर्या कैक पिढ्या भोंग्याच्या आवाजावर चालली आणि ज्याच्या पेठांतून मागांचा खडखडाट अहोरात्र ऐकू येई, तेथे ही याचना केवळ काव्य म्हणून वाचणे कठीण होय.

कृतज्ञता : उपकारस्तुतीचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे एकशे छत्तिसावे स्तोत्र. त्याच्या २६ श्लोकांपैकी प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच आहे. पूर्वार्ध पाळकाने वाचावा आणि उत्तरार्ध मंडळीने एकमुखाने म्हणावा, अशी त्याची रचनाच आहे. सृष्टीची निर्मिती आणि मिसर देशातून सुटका यांचे भव्य वर्णन करीत ते स्तोत्र अखेरीस सर्व प्राणिमात्रांस अन्न देणाऱ्याच्या स्मरणावर येऊन थांबते. त्रिभुवनाच्या कारभारानंतर एका घासाची आठवण ठेवणारा हा क्रम जेवणापूर्वीच्या छोट्या प्रार्थनेतही दिसतो. मराठी मंडळ्यांत सुगीच्या उपासनेस ज्वारीची कणसे, भाजीपाला, फळे, कोंबडी, अंडी असे जे ज्याच्या घरी पिकले-निपजले ते वेदीपुढे आणून ठेवतात. उपासना संपल्यावर आवारातच त्याचा लिलाव होतो, चढाओढीने बोली लागते आणि जमा झालेली रक्कम मंडळीच्या खात्यावर चढते.

तथापि सोलापूर हा अवर्षणाचा मुलूख आहे. १८७६–७७ च्या दुष्काळाने या जिल्ह्यास अतोनात झोडपले आणि १८९९–१९०० चा दुष्काळही तितकाच दारुण ठरला. अशा प्रदेशात कृतज्ञतेचा विचार हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायास वगळून पुरा होत नाही. अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, अशी टंचाईची जणू पाहणीच त्याने मांडली आहे, आणि तरीही परमेश्वराच्या ठायी हर्ष करण्याचा निश्चय प्रकट केला आहे. येथे उपकारस्तुती ही पिकाच्या आणेवारीवर अवलंबून राहत नाही.

आराधना : याचनेचा लवलेश नसलेली, केवळ ईश्वराच्या महत्तेचे गायन करणारी प्रार्थना ती आराधना. पाच श्लोकांचे शंभरावे स्तोत्र उपासनेच्या आरंभी वापरले जाते. लूककृत शुभवर्तमानातील मरियेचे स्तोत्र, ज्यात बलवंतांस आसनावरून खाली ओढून दीनांस उंच करणाऱ्या ईश्वराचे वर्णन आहे, ते कॅथलिक परंपरेत सायंप्रार्थनेचा नित्य भाग आहे. कॅथलिक घरांत जपमाळेची प्रार्थनाही प्रचलित असून तिच्यातील मरियेस केलेल्या नमनाचा पूर्वार्ध लूकच्याच पहिल्या अध्यायातून घेतलेला आहे.

मराठीतील विकास : मराठी ख्रिस्ती स्तवनाचा प्राचीन व भव्य ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे गोमंतकात १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘क्रिस्तपुराण’. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा आरंभ एतद्देशीय पुराणरीतीप्रमाणे नमनाने होतो. पुढे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला नवा करार १८११ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथून, व अमेरिकन मराठी मिशनचा नवा करार १८२६ मध्ये मुंबईहून निघाला. या मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे पडले आणि १८४२ पासून तेथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. मूळ भाषांवरून पंडिता रमाबाईंनी केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

भाषांतराने शास्त्र वाचनात आले. ते कंठात बसविण्याचे काम पद्यकारांनी केले. कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा ठाट ख्रिस्ती कथांसाठी योजिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग व भजने यांच्या द्वारे शास्त्रातील भाव मराठी भक्तीच्या वळणावर नेला. तुकारामांचे आपल्यावरील ऋण त्यांनी मोकळेपणी मान्य केले होते. त्यांची अनेक भजने ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात असून प्रार्थनेच्या आधी किंवा नंतर ती पेटी, तबला व झांजा यांच्या साथीवर गाइली जातात.

सोलापुरातील परंपरा : रेल्वे १८६० मध्ये सोलापुरास पोहोचल्यानंतर अमेरिकन मराठी मिशनने येथे आपले केंद्र स्थापिले. चार्ल्स हार्डिंग व लॉरिन गेट्स यांनी येथे काम केले आणि मेरी हार्डिंग यांनी शिशुशिक्षणाची पायाभरणी केली. मिशनच्या शाळांतून व वसतिगृहांतून वचने तोंडपाठ करण्याची शिस्त लागली. निरक्षर आईबापांच्या घरी शास्त्र प्रथम पोहोचले ते पुष्कळदा अशा मुलांच्या पाठांतरामुळेच. मिशनच्या परंपरेतील मंडळ्या पुढे युनायटेड चर्चमध्ये आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) समाविष्ट झाल्या. कॅथलिक समाज १८८६ मध्ये निर्माण झालेल्या पुणे धर्मप्रांतात मोडतो.

घरगुती प्रार्थनेचा साचा साधारणतः निश्चित आहे. एक भजन, शास्त्राचा एक पाठ, आणि मग कुटुंबातील वडीलधाऱ्याची, बहुधा आईची किंवा आजीची, उत्स्फूर्त प्रार्थना. तीत दिवसाबद्दल उपकारस्तुती, चुकांचा अंगीकार, आजाऱ्यांची व परगावी असलेल्यांची नावानिशी आठवण असा क्रम असतो, आणि योहानकृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायास अनुसरून सर्व काही येशूच्या नावाने मागून ‘आमेन’ म्हटले जाते. सरकारदरबारी अर्ज करणारा जेथे आदरार्थी बहुवचनाखेरीज बोलू धजत नाही, तेथे ही आजी विश्वाच्या स्वामीस ‘बापा, तू’ म्हणून हाक मारते. विठोबाला एकेरीत बोलावणाऱ्या प्रदेशात या जवळिकीचे कोणास नवल वाटत नाही.

मूल्यमापन : वचनांचा उपयोग मंत्रतंत्रासारखा करून एखादे वचन फलप्राप्तीची सनद समजण्याचा धोका या पद्धतीत आहेच. त्यावर उतारा स्वतः स्तोत्रसंहितेतच सापडतो. तिच्यातील कितीतरी स्तोत्रे विलापाची व गाऱ्हाण्याची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर समाधानाचा एक शब्दही न उच्चारता अंधारातच संपते. शास्त्राधारित प्रार्थना माणसास आपली नड सांगण्यास शब्द पुरविते, आणि त्याच वेळी, नुसत्या स्वतःच्या इच्छेवर सोडले असता तो जे कधी म्हणाला नसता ते—शत्रूस क्षमा, इतरांसाठी भाकर, पीक बुडाल्यावरही स्तुती—त्याच्या तोंडून वदविते.