शॉ, रॉबर्ट गूल्ड
(१० ऑक्टोबर १८३७–१८ जुलै १८६३). अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या बाजूने लढलेला तरुण सेनाधिकारी व मॅसॅचूसेट्सच्या ५४ व्या कृष्णवर्णीय पायदळ पलटणीचा पहिला कर्नल. जन्म बॉस्टन येथे एका धनिक, गुलामगिरीविरोधी कुटुंबात. शिक्षण काही काळ स्वित्झर्लंड व जर्मनीत. हार्व्हर्ड विद्यापीठातील अभ्यासक्रम पुरा न करताच तो न्यूयॉर्कमधील एका व्यापारी पेढीत काम करू लागला. युद्ध सुरू होताच तो न्यूयॉर्कच्या ७ व्या पलटणीत शिपाई म्हणून दाखल झाला. पुढे मॅसॅचूसेट्सच्या २ ऱ्या पलटणीत अधिकारी म्हणून त्याने सीडर मौंटन व अँटीटम येथील लढायांत भाग घेतला (१८६२) आणि तो कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढला.

लिंकनच्या मुक्तिघोषणेनंतर (१ जानेवारी १८६३) मॅसॅचूसेट्सचा गव्हर्नर जॉन अँड्रू याने कृष्णवर्णीयांची पलटण उभारण्याचे ठरविले आणि तिचे आधिपत्य शॉला देऊ केले. त्याने प्रथम नकार दिला. परंतु लवकरच निर्णय बदलला. ही जबाबदारी साधी नव्हती. कृष्णवर्णीय गुलामगिरीतून सुटले, तरी लढू शकणार नाहीत, असा समज उत्तरेतही रूढ होता. तर अशा पलटणींच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देहान्ताची शिक्षा देण्याची धमकी दक्षिणेच्या काँग्रेसने दिली होती. फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीविरोधी नेत्याचे दोन पुत्रही पलटणीत दाखल झाले. शॉने २ मे रोजी ॲना हॅगर्टी हिच्याशी विवाह केला आणि २८ मे रोजी पलटण बॉस्टनहून निघाली.

जूनमध्ये जॉर्जियातील डेरियन हे गाव वरिष्ठांच्या हुकमाने जाळण्यात आले, तेव्हा शॉने त्याबद्दल निषेध नोंदविला. ठरलेल्या दरमहा १३ डॉलरऐवजी १० डॉलर वेतन देऊ करून त्यातून गणवेशाचे ३ डॉलर कापण्याचे सरकारने ठरविले, तेव्हा सैनिकांनी ते नाकारले व शॉने त्यांची बाजू घेतली.

१८ जुलै १८६३ रोजी चार्ल्स्टननजीकच्या मॉरिस बेटावरील वॅग्नर किल्ल्यावर दिवसभर तोफांचा भडिमार झाल्यावर सायंकाळी हल्ला चढविण्यात आला. समुद्र व दलदल यांमधील अरुंद वाळूच्या पट्ट्यावरून ५४ वी पलटण आघाडीस होती. तटावर चढून सैनिकांना पुढे बोलावीत असता शॉ गोळी लागून ठार झाला. पलटणीच्या सु. ६०० पैकी २७२ जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले. हल्ला फसला, तथापि कृष्णवर्णीयांच्या लढाऊपणाविषयीचा संशय त्याने दूर केला. पुढे युद्धसमाप्तीपर्यंत सु. १,८०,००० कृष्णवर्णीयांनी उत्तरेच्या लष्करात सेवा केली. समान वेतनाचा कायदा १८६४ मध्ये झाला.

शत्रूने शॉचे शव त्याच्या सैनिकांबरोबर एकाच खंदकात पुरले. त्यामागे त्याची मानहानी करण्याचा हेतू होता. परंतु तो आपल्या शूर अनुयायांसमवेतच राहावा, असे त्याच्या पित्याने उत्तरेच्या सेनापतीस कळविले व शव हलवू दिले नाही. ऑगस्टस सेंट-गॉडन्झने घडविलेले शॉ व त्याच्या पलटणीचे ब्राँझचे उत्थित शिल्प बॉस्टन येथे १८९७ मध्ये उभारण्यात आले. किल्ल्यावर पडलेल्या सैनिकांची नावे मात्र त्यावर १९८० च्या दशकात कोरली गेली.