काळ्या पाण्याच्या अलीकडे

आपल्या गोंदियापासून समुद्र शेकडो मैल दूर. तरी 'काळे पाणी' हा शब्द आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १८५८ च्या मार्चात डॉ. वॉकर दोनशे बंदी घेऊन अंदमानात उतरले आणि तेथे बंद्यांची वसाहत वसली. त्यापूर्वी इंग्रज आपल्याकडील बंदी सिंगापूर, पिनांग, मॉरिशसकडे धाडीत. अंदमानात पुढे स्त्री-बंदीही गेल्या, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

तिथल्या कोलूविषयी, दंडाबेडीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण मागे राहिलेल्या घराचे काय? ८ जून १९०९ रोजी कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, मालमत्ताही जप्त झाली. त्यांच्या पत्नी येसूवहिनी मागे उरल्या. या काही नुसत्या चूल सांभाळणाऱ्या बाई नव्हत्या. नाशकात त्यांनी आत्मनिष्ठ युवती संघ काढला होता; आपल्या मंडळासारख्याच तेथेही बायका जमत, पण सरकारच्या रोषाच्या छायेत! आता त्यांच्या वाट्याला पतीचे वर्षाकाठी एक पत्र. एका पत्रावर बारा महिने काढायचे, तेही एकदा नव्हे, वर्षानुवर्षे.

१९१९ साली धाकट्या जाऊबाई यमुनाबाई आणि दीर नारायणराव अंदमानात भेटीस गेले. त्यांच्याबरोबर येसूवहिनी नव्हत्या. त्याच वर्षी, भेटीपूर्वीच, त्यांचे निधन झाले होते. बाबारावांना १९२१ साली हिंदुस्थानात आणले, तेही तुरुंगातच ठेवण्यासाठी. सुटका झाली ती १९२२ साली.