आवाजाचे इमान

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वलगाव लागते. तेथे पेढी नदीवर पूल आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी आजारी गाडगेबाबांना मोटारीने अमरावतीकडे आणले जात असताना या पुलाजवळ त्यांची प्राणज्योत मालवली. वऱ्हाडातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना एवढे ठाऊक असते. त्याआधी बरोबर बेचाळीस दिवसांपूर्वी घडलेली एक गोष्ट मात्र विज्ञानाच्या तासाला सहसा सांगितली जात नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात बाबांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित करण्यात आले.

बाबा निरक्षर होते. त्यांनी स्वतः लिहिलेले काहीच मागे राहिलेले नाही. त्यांचे कीर्तन म्हणजे समोरच्या लोकांशी चाललेली प्रश्नोत्तरे. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकत, श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा मुद्दा निघे. त्यातले शब्द इतरांनी लिहून ठेवले. पण कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, लोकांकडून होकार कसा काढून घ्यायचा, हे कागदावर उतरत नाही. ते फक्त आवाजात असते. म्हणून त्यांना न पाहिलेल्या पिढ्यांसाठी या ध्वनिमुद्रणाचे मोल फार मोठे आहे.

यंत्रातून निघणारा आवाज मूळ आवाजाशी किती इमान राखतो? या प्रश्नाला स्वतंत्र इतिहास आहे आणि त्यातून जगभर एक खर्चिक छंदही वाढला आहे. त्याला 'हायफाय' म्हणतात. या छंदात खर्च नेमका कुठे सार्थकी लागतो, हे समजून घेण्यास वांद्र्याचे कीर्तन उपयोगी पडेल.

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. १९१५ पासून त्याच्या कंपनीने अमेरिकेत ठिकठिकाणी एक जाहीर प्रयोग सुरू केला. रंगमंचावर गायिका आणि तिचीच तबकडी वाजवणारे यंत्र शेजारी शेजारी असत. मध्येच दिवे मालवले जात आणि गायिका गाते आहे की यंत्र, हे श्रोत्यांनी ओळखायचे असे. अनेकांना ते ओळखता येत नसे, असे वृत्तान्त छापून येत. आज त्या तबकड्या ऐकल्या की याचे आश्चर्य वाटते. त्यातली एक मेख अशी, की गायिका आपला आवाज तबकडीच्या आवाजाशी जुळवून घेत. यंत्र माणसासारखे गात नव्हते. माणूस यंत्रासारखा गात होता!

१९२५ नंतर मायक्रोफोन आणि विद्युत विवर्धन यांमुळे ध्वनिमुद्रण खूपच सुधारले. १९४५ मध्ये इंग्लंडच्या हॅरॉल्ड लीकने 'पॉइंट वन' नावाचा ॲम्प्लिफायर काढला. यंत्राने आपल्या पदरची घातलेली भर, म्हणजेच विरूपण, त्यात ०.१ टक्का होते; नावही त्यावरूनच पडले. १९४७ मध्ये विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात अशाच दर्जाच्या ॲम्प्लिफायरची रचना आकृतीसह प्रसिद्ध केली, आणि देशोदेशीच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. १९५४ मध्ये गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण आलटून पालटून ऐकवले. आपल्याकडेही आयातीवर निर्बंध असलेल्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी ॲम्प्लिफायर जोडणारे अनेक जण होते. म्हणजे या छंदाचे मूळ पैशात नाही; हातात बत्ती घेऊन डाग देत बसणाऱ्यांच्या कुतूहलात आहे.

आता वांद्र्याकडे वळू. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. प्रश्नोत्तरांनी रंगणारे कीर्तन अशा तुकड्यांत टिपणे कठीण. सलग टिपायचे तर चुंबकीय फीत हवी. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोहकण बसवून अशी फीत केली. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' यंत्र आले आणि १९४० मध्ये उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह मिसळून फितीवरची खरखर एकदम कमी करण्याची युक्ती सापडली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या अमेरिकेत पोहोचली आणि १९४८ पासून तेथेही अशी यंत्रे विकली जाऊ लागली.

फितीवर आवाज चुंबकत्वाच्या चढउतारांच्या रूपात बसतो. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने सरकत असेल आणि स्वराची वारंवारता १०,००० हर्ट्झ असेल, तर एका तरंगाला फितीवर १९० मिलिमीटर भागिले १०,००० म्हणजे ०.०१९ मिलिमीटर जागा मिळते. वाचणाऱ्या हेडमधली फट याहून अरुंद हवी आणि ती फितीला काटकोनात हवी. कोन किंचित कलला तरी उंच स्वर पुसट होतात. वेगाचेही तसेच. फीत मूळ वेगापेक्षा ६ टक्के जलद फिरली तर आवाज सुमारे अर्ध्या स्वराने चढतो आणि बोलण्याची लय बदलते. ऐंशी वर्षांच्या वृद्धाचा आवाज आपल्याला तरुण वाटू लागेल, आणि ऐकणाऱ्याला चूक कळणारही नाही.

या साखळीत कड्या अनेक आहेत: बोलणारा, मायक्रोफोन, फीत, हेड, ॲम्प्लिफायर, तारा, लाऊडस्पीकर, ऐकण्याची खोली. आधीच्या कडीत जे निसटले, ते पुढची कडी परत आणू शकत नाही. उत्तम ॲम्प्लिफायर आवाजाबरोबर खरखरही तितक्याच इमानाने मोठी करतो. तरीही आज या छंदातला बराच पैसा शेवटच्या कड्यांवर खर्च होतो. लाऊडस्पीकरच्या तारांचेच पाहू. घरच्या वायरिंगमधली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. तिचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम. तीन मीटरवरच्या लाऊडस्पीकरपर्यंत जाऊन परत येण्याचे अंतर सहा मीटर, म्हणजे एकूण रोध सुमारे ०.०४ ओहम. लाऊडस्पीकर ८ ओहमचा धरला तर या तारेमुळे आवाज कमी होतो तो डेसिबलच्या विसाव्या भागापेक्षाही कमी. याहून महाग तार घेतली तरी सुधारणेला जागा आहे ती एवढीच.

आता पहिल्या कडीकडे पाहा. भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी बोलणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. मायक्रोफोन दोन मीटरवरून पंचवीस सेंटिमीटरवर आणला, तर अंतर तीनदा निम्मे होते आणि १८ डेसिबलचा फायदा मिळतो. खोलीतला घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र होती तेवढीच राहते. याला एक पैसाही लागत नाही.

म्हणून छंदिष्टांची कसोशी व्यर्थ आहे, असे मात्र समजू नये. जुनी फीत डिजिटल स्वरूपात उतरवून घेताना हीच कसोशी कामी येते. हेडचा कोन जुळवणे, मूळ वेग शोधणे, फीत न ताणता चालवणे, हे जाणकाराचेच काम. फितीवरून फीत करताना प्रत्येक प्रतीत खरखरीची भर पडत असे. डिजिटल प्रतीवरून केलेली प्रत तंतोतंत तशीच असते. त्यामुळे पहिले उतरवणे नीट झाले तर पुढे काही बिघडत नाही, आणि ते बिघडले तर तीच चूक प्रत्येक प्रतीत जाते. जुन्या तबकड्या जमवणाऱ्या रसिकांनी १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन केली. अशा संग्राहकांमुळेच जुने कितीतरी आवाज आज आपल्यापर्यंत पोहोचले आहेत.

शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे. साध्या मोबाइलवर एकाच विद्यार्थ्याचे वाचन दोन मीटर, एक मीटर आणि पाव मीटर अंतरावरून मुद्रित करा आणि कोणते वाचन स्पष्ट कळते ते डोळे मिटून ओळखायला सांगा. अंतर कोणते ते आधी सांगू नका. नाहीतर एडिसनच्या श्रोत्यांसारखे कान अपेक्षेच्या मागे जातील. संगणकावर तेच वाचन ६ टक्के जलद वाजवून आवाजाचे वय किती बदलते तेही ऐका.

मग मुलांना गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे पाठवा. त्याची बोली, त्याने ऐकलेल्या गोष्टी, पेरणीच्या वेळच्या म्हणी जवळून मुद्रित करू द्या. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला दिनांक, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने उच्चारू द्या आणि प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. वांद्र्याच्या त्या कीर्तनानंतर बाबांना मुद्रित करायला काळाने बेचाळीसच दिवस ठेवले होते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीतही ते कुणालाच ठाऊक नसते.