मृत्यूंची बेरीज कोण करतं?

आज आम्ही जरा जड विषय घेऊन आलो आहोत. दवाखान्यात रोगी दगावतात, तेव्हा त्यामागचं खरं कारण कसं कळतं, त्याची ही गोष्ट. सुरुवात आपल्या नागपुरापासूनच करू या.

सप्टेंबर २०२५. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातून लहान मुलं नागपूरच्या दवाखान्यांत येऊ लागली. दुखणं मोठं झालं की सौसर-सावनेरच्या रस्त्याने नागपूर गाठायचं, हे तिकडच्या घरांना नवं नाही. या मुलांचं दुखणं सुरुवातीला साधंच होतं. ताप, सर्दी, खोकला. मग लघवी कमी व्हायची आणि पुढे थांबायची. नागपुरात पोचेपर्यंत मूत्रपिंडं निकामी होत आलेली असायची. डायलिसिस करूनही अनेक मुलं वाचली नाहीत.

आधी संशय साथीवर गेला. पाणी तपासलं, डास आणि उंदीर तपासले, नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत गेले. सगळ्या मुलांना लागू पडेल असा जंतू काही सापडला नाही. मग मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला, तेव्हा ती इजा विषाची दिसली. तिथे प्रश्नच बदलला. या मुलांना कोणता आजार झाला, असं विचारण्याऐवजी या मुलांच्या पोटात काय गेलं, असं विचारलं गेलं. उत्तरात खोकल्याच्या एका औषधाचं नाव पुन्हा पुन्हा आलं: कोल्ड्रिफ.

हे औषध तमिळनाडूत बनत होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने नमुना तपासला. त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल निघालं. चालतं किती? फार तर ०.१ टक्का. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विषाची होती. वीसहून अधिक लेकरं गेली.

हे डायएथिलिन ग्लायकॉल आहे तरी काय? दाटसर, बिनरंगी आणि चवीला गोड. कारखान्यातल्या कामाचं रसायन. सिरपात वापरायच्या चांगल्या द्रवासारखंच दिसतं आणि त्याहून स्वस्त पडतं. पोटात गेलं की मूत्रपिंडं बंद पाडतं.

हे पहिल्यांदाच घडलं असतं, तर कुणाच्या लक्षात आलं नाही असं म्हणता आलं असतं. पण तसं नाही. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फा औषध याच रसायनात विरघळवून विकलं. शंभराहून अधिक माणसं मेली. तोवर औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवावं लागत नव्हतं. पुढच्याच वर्षी तिथे तसा कायदा झाला.

मग आपल्याच राज्यात, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तेच झालं. मेंदूतला दाब उतरवायला रोग्यांना ग्लिसरीन देत. रोगी आधीच गंभीर, त्यामुळे एखादा गेला तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण एकापाठोपाठ एक मूत्रपिंडं बंद पडून रोगी जाऊ लागले, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. त्या ग्लिसरिनात हेच विष होतं. चौदा जण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि रुग्णालयातल्या खरेदीपासून औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांवर ताशेरे ओढले.

तिसरी गोष्ट ढाक्याची. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात १९९० ते १९९२ या तीन वर्षांत मूत्रपिंड निकामी झालेली, पण कारण न कळलेली ३३९ मुलं नोंदवली गेली. त्यांतली बहुतेक दगावली. डॉक्टरांनी या मुलांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा तापाच्या सिरपाकडे बोट गेलं. ती सिरपं बंद झाल्यावर असे रोगी झपाट्याने कमी झाले.

मैत्रिणींनो, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. एकटा मृत्यू आजाराने आल्यासारखाच दिसतो. चार मृत्यूंची बेरीज केली की कारण दिसायला लागतं. जे. जे.त आणि ढाक्यात रोगी एकाच छताखाली होते. आपल्याकडे मूल परासियात आजारी पडलं, छिंदवाड्यात दाखवलं आणि नागपुरात गेलं. दवाखाने वेगवेगळे, राज्यं दोन. अशा वेळी बेरीज करायची कुणी? त्यात जे दिवस जातात, त्या दिवसांत कुठल्यातरी घरी त्याच बाटलीतला पुढचा चमचा दिला जात असतो.

तो चमचा आपल्या हातात असतो. म्हणून नुसतं ऐकून सोडू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नये, आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ते सहसा देऊ नये, असं केंद्राच्या आरोग्य विभागाने सांगितलं आहे. दिलंच तर डॉक्टरांना विचारून द्या. औषधाचं बिल घ्या. मूल बरं होईपर्यंत बाटली टाकू नका, तिच्यावरचा बॅच नंबरच पुढे कामी येतो. मुलाची लघवी कमी झाली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा, बाटली सोबत न्या आणि काय काय पाजलं ते न लपवता सांगा. तुम्हाला कुणी दोष देईल म्हणून गप्प राहू नका.

आणि एक अवघड गोष्ट. घरचं माणूस दवाखान्यात गेलं, तर त्या दुःखात कागद कोण मागणार? पण मागा. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे दवाखान्याने मृत्यूच्या कारणाचा दाखला निबंधकाकडे द्यायचा आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. त्या कागदाने आपलं माणूस परत येत नाही. पण बेरजेत त्याचा आकडा धरला जातो, आणि त्यातून दुसऱ्या कुणाचं लेकरू वाचू शकतं.