पायपेटीपासून ‘मिडी’पर्यंत : वादकाच्या पायांचा इतिहास

भंडारा जिल्ह्यांतील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. तेथून वैनगंगा ओलांडून पूर्वेकडे निघालें कीं दोन्ही बाजूंस धानाच्या बांध्या लागतात आणि झाडीपट्टीचा मुलूख पसरत जातो. मळणी आटोपली म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत या मुलखांत गांवोगांव रात्रभर नाटकें चालतात. दिवसां शंकरपटांत बैल धांवावेत आणि रात्रीं त्याच पाहुण्यांनीं नाटकास बसावें, असा हा जुना परिपाठ. २०२३ सालीं येथील नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हां या रंगभूमीचें नांव शहरांतल्या घरींही पोहोंचलें. परंतु रंगमंचाच्या पुढ्यांत बसणाऱ्या वादकाकडे, आणि विशेषतः त्याच्या पायांकडे, कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या पायांना मोठा इतिहास आहे.

त्याचा आरंभ पॅरिस शहरांत होतो. अलेक्झांद्र दबें या कारागिरानें १८४२ सालीं ‘हार्मोनियम’ या नांवानें एका वाद्याचा हक्क नोंदविला. या पेटीचा भाता पायांनीं चाले व दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहत. पाश्चात्य संगीतांत एकाच वेळीं अनेक सूर जुळवावे लागत असल्यामुळें ही योजना सोयीची होती. तीच पेटी हिंदुस्थानांत आली तेव्हां प्रश्न निराळा उभा राहिला. येथील गवई बैठकीवर मांडी घालून बसणार, आणि रागाची वाट एका हातानें चालून जाणें शक्य. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं भाता मागच्या अंगास आणून हातपेटी प्रचारांत आणली. पाय सुटले, पण डावा हात भात्यास बांधला गेला. यंत्र एका अवयवाला मोकळें करतें तेव्हां दुसऱ्याला कामास लावतें, हा धडा येथेंच मिळतो.

मराठी रंगभूमीनें दोन्ही प्रकार जवळ केले. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’नें पुण्यास संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोविली. पुढें १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. टेंबे हे तर पेटीवादनांतले अधिकारी पुरुष. त्या काळच्या नाटकगृहांत ध्वनिवर्धक नव्हता; सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचावा म्हणून भरदार आवाजाचा, पायांनीं भाता मारण्याचा ऑर्गन नाटकाचा आधार ठरला. या ऑर्गनाची रचना ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. समोरचे खुंटे ओढले कीं निराळ्या जातीचा नाद उघडे, आणि गुडघ्यानें दाबावयाच्या दांडीनें आवाज चढे-उतरे. नाद बदलणें आणि जोर बदलणें हीं दोन कामें निरनिराळीं आहेत, हें त्या कारागिरांनीं ओळखलें होतें.

पेटीच्या वाट्याला अपमानही आला. दिल्लीच्या आकाशवाणींत काम करणारे इंग्रज संगीतकार जॉन फौल्ड्स यांनीं १९३८ सालीं तिच्याविरुद्ध लेख लिहिला. तिला मींड घेतां येत नाहीं, तिचे स्वर ठोकळेबाज, असे हे आक्षेप. १९४० च्या मार्चपासून पेटी आकाशवाणीवरून हद्दपार झाली. ही बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. रंगभूमीनें मात्र तिला एक दिवसही अंतर दिलें नाहीं.

दरम्यान पश्चिमेकडे विजेची गिटार आली. तिच्या वादकाचे दोन्ही हात गुंतलेले. एक तारा दाबतो, दुसरा छेडतो. चालू गाण्यांत आवाज बदलावयाचा तर उरले पाय. १९६२ सालीं ‘माएस्ट्रो’ नांवाची, आवाज खरखरीत करणारी पायपेटी बाजारांत आली. पुढें पायाच्या हेलकाव्यानें नाद रडका-हसरा करणारें ‘वाह’ पेडलही आलें. ॲम्प्लिफायरमध्येंही स्वच्छ व कर्कश अशा दोन वाटा झाल्या, आणि पायाच्या बटणानें एकीवरून दुसरीवर जातां येऊं लागलें. डब्या वाढत गेल्या. एका कडव्याच्या शेवटीं दोन डब्या बंद, एक चालू आणि ॲम्प्लिफायरची वाट बदलणें, हें सारें एका क्षणांत करावें लागे. अशा वेळीं वादकाची तारांबळ उडे व ताल हुके.

यांतून सुटका झाली ती एका सामाईक भाषेमुळें. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या स्पर्धक कारखानदारांनीं पुढाकार घेतला. १९८३ च्या जानेवारींत दोन निरनिराळ्या कारखान्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडून दाखविण्यांत आलीं. त्याच वर्षीं ‘मिडी’ या नांवानें त्या भाषेचे नियम प्रसिद्ध झाले.

श्रोत्यांच्या मनांत शंका येईल कीं या तारेंतून आवाज वाहतो काय ? मुळींच नाहीं. तींतून केवळ आज्ञा जाते. एका तारेवर १६ मार्गिका असतात. पायफळीवरील बटण दाबलें कीं ‘अमुक मार्गिकेवरील यंत्रानें अमुक क्रमांकाची मांडणी लावावी’ एवढाच निरोप सुटतो. असे क्रमांक १२८. हा निरोप एक सहस्रांश सेकंदाहून कमी वेळांत पोहोंचतो. निरोप मिळतांच एक यंत्र आपल्या स्मरणांतील मांडणी काढतें, दुसरें चार पेडलांचीं दारें उघडतें वा मिटतें. ज्या ॲम्प्लिफायरला ही भाषा कळत नाहीं, त्याच्यासाठीं मध्यें एक दुभाषी डबी ठेवतात. ती निरोप ऐकून आंतील विद्युत्-कळ मिटते आणि ॲम्प्लिफायरला वाटतें कीं नेहमींचेंच बटण दाबलें गेलें. पायानें वरखालीं करावयाची फळी निराळी. ती ० पासून १२७ पर्यंतच्या पायऱ्यांनीं आवाज चढविते. जुन्या ऑर्गनाचे खुंटे आणि गुडघ्याची दांडी, तींच हीं दोन कामें ! मात्र मार्गिका चुकली तर यंत्र बहिऱ्यासारखें बसतें, आणि क्रमांक चुकला तर करुण प्रसंगीं भलताच नाद उठतो.

झाडीपट्टींत ही भाषा मुख्यतः ऑक्टोपॅडच्या वाटेनें शिरली. १९८५ सालचा पहिला ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकोनांची फळी. तिच्या पोटांत स्वतःचा आवाज मुळींच नव्हता. ती काठीच्या आघाताचे ‘मिडी’ निरोप करून दुसऱ्या यंत्राकडे धाडी. पुढील नमुन्यांत आवाज आंतच आले आणि पायकळ जोडण्याची सोयही झाली. आतां ऑर्गन व तबल्याच्या शेजारीं बसलेला एकच वादक मेघगर्जना, घोड्याच्या टापा व लग्नाचा ढोल आळीपाळीनें काढतो.

यांत लाभ आहे तशी किंमतही आहे. एका माणसाच्या हातापायांत चार माणसांचें काम सामावलें, म्हणजे तीन माणसांच्या बिदागीचा प्रश्न उभा राहतोच. हातपेटी आली तेव्हां सारंगियांनींही हेंच दुःख भोगलें. शिवाय मांडणी यंत्राच्या स्मरणांत राहिली, म्हणून वादकाच्या स्मरणास सुटी मिळाली असें नाहीं. नट एखाद्या रात्रीं पद दोनदां आळवितो, प्रेक्षकांची ‘वन्समोअर’ची आरोळी उठते, मरणाचा प्रसंग चार श्वास लांबतो, त्या वेळीं पुढचा क्रमांक केव्हां दाबावा हें कोणत्याही तारेंतून कळत नाहीं. तें नटाच्या तोंडाकडे पाहून आणि कान देऊन ठरवावें लागतें.

भाता मारणारा पाय श्वास पुरवीत होता. बटण दाबणारा पाय आज्ञा देतो. काम बदललें, पण कान जागा नसेल तर दोन्ही पाय सारखेच निरुपयोगी. झाडीपट्टीच्या थंडींत पहाटेपर्यंत जागणारा वादक हें जाणून असतो, म्हणूनच तेथील नाटक अजून रंगतें.