रापणीचा धागा आणि त्यातील रेणू

रापण ही मालवण किनाऱ्यावरच्या गाबीत समाजाची सामुदायिक मासेमारी. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सर्वांनी मिळून ओढायचे आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे, ही तिची रीत. पूर्वी जाळी सुताची आणि सणाची असत. ओल्या धाग्यावर जिवाणू वाढून तो कुजे, म्हणून जाळे झाडाच्या सालीच्या तुरट काढ्यात भिजवून वाळूवर सुकवत. सालीतील टॅनिनमुळे कुजणे लांबत असे.

१९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन-६,६ तयार केले, तर १९३८ साली जर्मनीत पॉल श्लॅक यांनी कॅप्रोलॅक्टमपासून नायलॉन-६ बनवले. स्वातंत्र्यानंतरच्या काळात कृत्रिम धागा भारतीय मासेमारीत रुजला आणि मालवणातही सुताची जाळी मागे पडली. काढ्याचा खटाटोप संपला. नायलॉन समुद्रात कुजत नाही, पण उन्हातील अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. जाळे वरून धड दिसते आणि भरल्या ओढीत फाटते. रापणकराचे नुकसान करणारी ही झीज डोळ्यांना दिसत नाही.

ती मोजण्याची वाट १९६४ साली जे. सी. मूर यांच्या जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफीने मोकळी केली. सच्छिद्र मणी भरलेल्या नळीतून पॉलिमरचे द्रावण सोडले की लांब साखळ्या छिद्रांत न शिरता आधी बाहेर पडतात, आखूड साखळ्या रेंगाळून मागाहून येतात. नायलॉनसाठी फ्लुओरिनयुक्त अल्कोहोल हा द्रावक वापरतात. उन्हाने जीर्ण झालेल्या धाग्याचे रेणू नव्या धाग्यापेक्षा उशिरा उतरतात.

रेणूंचे वस्तुमान थेट मोजणे मात्र अवघड होते, कारण मोठे रेणू वायुरूपात नेताना मोडत. १९८०च्या दशकात जॉन फेन यांनी विद्युत फवाऱ्याने आणि कोइची तानाका यांनी लेसरने हा अडसर दूर केला. २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात दोघेही वाटेकरी होते.

धाग्यात उरलेल्या लहान वलयाकार रेणूंवरून नायलॉनचा प्रकार ओळखता येतो. नायलॉन-६च्या वलयांची वस्तुमाने ११३च्या पटीत वाढतात, नायलॉन-६,६ची २२६च्या. पण ११३ची दुप्पटही २२६च! नायलॉन-६चे दुहेरी वलय आणि नायलॉन-६,६चे पहिले वलय यांचे रेणुसूत्रही एकच असल्याने केवळ वस्तुमानावरून त्यांच्यात फरक करता येत नाही. रचना वेगळी असल्यामुळे द्रव क्रोमॅटोग्राफीत मात्र ती वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात. म्हणून आधी वेगळे करणे आणि मग वस्तुमान मोजणे, असा क्रम ठरला. या जोडतंत्राने जाळ्याच्या लहानशा तुकड्यावरूनही धागा कोणत्या नायलॉनचा आहे हे सांगता येते, आणि साखळ्यांच्या लांबीवरून तो किती झिजला हेही कळते.