लोपचिन्हाची कुळकथा

संस्कृतात ‘सोऽहम्’ लिहिताना लोपलेल्या ‘अ’ची खूण म्हणून अवग्रह घालतात. इंग्रजीतील अपॉस्ट्रॉफी हेही मुळात असेच लोपचिन्ह होय. सोळाव्या शतकात फ्रेंच लेखनपद्धतीच्या प्रभावाने ते इंग्रजीत आले, ते गळलेल्या अक्षराची जागा दाखविण्यासाठी. पुढे त्याच्याकडे षष्ठी विभक्तीचेही काम आले आणि विद्यार्थ्यांची अडचण सुरू झाली. ‘जॉन्स बुक’ म्हणजे जॉनचे पुस्तक; ‘जॉन्स हिअर’ म्हणजे जॉन येथे आहे. उच्चार एक, लेखन एक, अर्थ मात्र दोन!

वस्तुतः षष्ठीतही लोपच आहे. प्राचीन इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीला ‘एस्’ हा प्रत्यय लागे. ‘स्तान’ म्हणजे दगड, ‘स्तानेस’ म्हणजे दगडाचा. कालांतराने बहुतेक शब्दांत प्रत्ययातील स्वर उच्चारातून गळाला व सकार तेवढा उरला. हा इतिहास विस्मृतीत जाऊन ‘जॉन्स’ हा ‘जॉन हिज’ याचाच संक्षेप, असा समज रूढ झाला. बेन जॉन्सनच्या १६०५ साली छापलेल्या नाटकाचे नावच ‘सिजेनस हिज फॉल’ असे आहे. १७११ साली ‘स्पेक्टेटर’ पत्रात जोसेफ अॅडिसननेही तो सकार ‘हिज’ व ‘हर’ यांचा प्रतिनिधी मानला. अखेर १७५५ च्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात डॉ. सॅम्युअल जॉन्सनने आक्षेप घेतला, की स्त्रीवाचक नामांनाही तोच सकार लागतो. तेथे ‘हिज’ कोठून येणार?

‘इट्स’ या सर्वनामाची कथा आणखी निराळी. १६२३ च्या शेक्सपिअरच्या फोलिओत त्याची षष्ठी लोपचिन्हासह छापलेली आढळते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती रीत बरीच मागे पडली. आज ‘हिज’, ‘हर्स’, ‘यॉर्स’ यांप्रमाणे षष्ठीतील ‘इट्स’ही चिन्हावाचून लिहितात. चिन्ह दिसले, की ते ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ समजावे.

नामांच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्यापाशी घरचीच कसोटी आहे. अर्थ लावताना ‘चा, ची, चे’ आले, तर षष्ठी. ‘आहे’ आले, तर संक्षेप. ‘जॉन्स गॉन’मधील ‘हॅज’लाही ‘गेला आहे’ हेच उत्तर मिळते. तरीही एखादे मूल चुकलेच, तर त्याच्या वहीवर तांबडी रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने अॅडिसनचे स्मरण करावे. ज्या वाटेवर इंग्रजी गद्याचा तो आदर्श लेखकही फसला, तेथे परभाषा शिकणारे मूल अडखळले, तर त्याला मंद म्हणणे अन्यायाचे होईल.